रुसलेले, परगावी आणि प्रभूघरी

आमच्या मंडळीतल्या अकरा जिवंत माणसांना मी एका शनिवारी दुपारी प्रभूघरी पाठवलं. मनात तसं काही नव्हतं. मी फक्त एक ओळ पुसली होती.

मी मोबाईलची ॲप लिहिते. आधी रांजणगावच्या एका कारखान्यात होते. आता पुण्यातल्या एका कंपनीचं काम शिरूरमधल्या घरी बसून करते. घरी बसून काम करणारी बाई म्हणजे रिकामी बाई, असा शिरूरमध्ये सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे शेजारणींची पार्सलं माझ्याकडे येतात, सिलिंडरवाला सगळ्या गल्लीची सिलिंडरं माझ्या दारात ठेवून जातो, आणि चर्चचं ॲपही तसंच माझ्या दारात येऊन पडलं.

आमचं चर्च मिशनच्या काळातलं, दगडी, आणि मंडळी म्हणजे चर्चची माणसं लहानशीच. एवढ्याशा मंडळीला स्वतंत्र पाळक परवडत नाही, म्हणून शिरूर आणि दौंड मिळून एकच पाळक. सकाळी शिरूरची उपासना आटोपायची, जेवायचं, आणि मोटरसायकलवरून न्हावरे, चौफुला करत संध्याकाळच्या उपासनेला दौंड गाठायचं. त्या जूनमध्ये जे नवे पाळकसाहेब आले ते तरुण होते, मराठवाड्यातले होते, आणि त्यांना सगळं मोबाईलवर हवं होतं. आल्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी एक फोन सुतळीने खांबाला बांधला आणि उपासना लाइव्ह सुरू केली. तिसऱ्या रविवारी ते मला म्हणाले, "ताई, देवाने तुम्हाला दान दिलं आहे."

देवाच्या दानाचा विषय निघाला की आपल्याला फुकट काम करायचं आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी हो म्हणाले.

त्यांना हवं होतं सभासदांचं ॲप. कोण कुठे राहतो, वाढदिवस कधी, बाप्तिस्मा कधी, आजारी कोण. ही सगळी माहिती तोवर चार जाड रजिस्टरांत होती आणि रजिस्टरं सेक्रेटरींच्या कपाटात होती. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. ते रजिस्टरं घेऊन सलग चार दुपारी माझ्याकडे आले. वाचून दाखवायला. रजिस्टर माझ्या हातात द्यायला ते तयार नव्हते.

क्लाऊडवरचा डेटाबेस म्हणजे कुठल्यातरी दूरच्या शहरात एसीत ठेवलेली, दुसऱ्याच्या मालकीची मशीनं. त्यांना माणूस कळत नाही. अक्षरं कळतात, आकडे कळतात, तारीख कळते, हो किंवा नाही कळतं. त्यामुळे आधी आपण आपल्या सोयीने माणसाचा एक साचा करायचा, त्यात नाव, जन्मतारीख, घर, फोन असे रकाने ठेवायचे, आणि वर पाठवताना त्या माणसाची अक्षरं आणि आकडे करून पाठवायचे. याला एन्कोड करणं म्हणतात. खाली आणताना त्याच अक्षरांतून आणि आकड्यांतून परत माणूस उभा करायचा, ते डिकोड. वर गेलेला आणि खाली आलेला माणूस एकच असला पाहिजे, एवढीच या धंद्यातली अट. ती मी पंधरा वर्षं पाळत आले होते आणि त्यामुळे स्वतःला बरी समजत होते.

पहिल्या दुपारी रकाने ठरले. मी विचारलं, "मास्तर, माणूस सध्या मंडळीत आहे की नाही, हे कसं लिहायचं?"

"चार प्रकार आहेत," मास्तर म्हणाले. "हजर, परगावी, रुसलेले आणि प्रभूघरी."

"रुसलेले?"

"असतात ना. गेलेले नाहीत, परगावीही नाहीत, पण येत नाहीत. वेगळी यादी लागते. नाहीतर नाताळच्या आधी कुणाची समजूत काढायची ते कळत नाही."

म्हणून मी साच्यात 'स्थिती' नावाचा रकाना केला आणि त्यात एकाखाली एक चार ओळी लिहिल्या. वर साठवताना शब्दांऐवजी आकडे साठवायचे असं ठरवलं. हजर शून्य, परगावी एक, रुसलेले दोन, प्रभूघरी तीन. ठरवलं म्हणजे काय, आकडे मी दिलेसुद्धा नाहीत. ओळींच्या क्रमाने ते आपोआप पडतात. फुकटच्या कामात माणूस आपोआप पडणाऱ्या गोष्टींवर फार अवलंबून राहतो.

मास्तर गणिताचे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "हजर माणसाला शून्य आणि मेलेल्याला तीन? म्हणजे पैकीच्या पैकी मेल्यावरच?"

"मास्तर, हे गुण नाहीत."

"तरीपण," ते म्हणाले, आणि रजिस्टराचं पान उलटलं.

रुसलेले अकरा निघाले. त्यांत एक सुतारमामा होते. चर्चचे नवे बाक त्यांनीच केले होते. नाताळला बाकांचं पॉलिश वाळलं नव्हतं आणि 'आशीर्वाद घ्यायला उभे राहा' म्हटल्यावर अर्ध्या बायकांच्या साड्या बाकालाच राहिल्या. कमिटीने मामांना चार शब्द सुनावले. मामा वडगाव रासाईला मुलाच्या शेतावर राहायला गेले ते गेलेच. दुसरं एक पाच जणांचं घर होतं. कापणीच्या सणाला त्यांच्या पंगतीपर्यंत पोहोचेस्तोवर बिर्याणीतलं चिकन संपलं होतं. उरलेल्यांच्या कारणांत मी गेले नाही. यादीत शेवटी माझी आत्या होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. मिशनच्या दवाखान्यात तिने उभा जन्म नर्स म्हणून काढला, लग्न केलं नाही, आणि तीस वर्षं चर्चमध्ये पायपेटी वाजवली. पायाने भाता मारायची, भलीमोठी, लाकडी. आत्या ती अशी वाजवायची की गाणारे मागे पडले तर तिकडेच पडू द्यायचे, ती थांबायची नाही. चार वर्षांपूर्वी कमिटीने एक कीबोर्ड घेतला. त्यात बटण दाबलं की ढोलकीसुद्धा वाजते. मास्तरांनी सेक्रेटरी म्हणून उपासनेनंतर ते जाहीर केलं आणि आत्याचे जाहीर आभार मानले. आत्या उठली, पेटीचं झाकण लावलं आणि त्याच आठवड्यात दौंडला गेली. तिथे तिची दवाखान्यातली जुनी मैत्रीण होती. दोघींनी रेल्वे लाइनीजवळ दोन खोल्या घेतल्या. दौंडच्या उपासनेलाही ती गेली नाही. पाळक तोच, कमिटी तीच, म्हणाली.

मास्तर तिच्या नावाशी आले.

"रुसलेले. लिही."

"लिहिलं."

"कधीपासून ते लिहायचं का?"

"तसा रकाना नाही, मास्तर."

"नसू दे," ते म्हणाले, आणि तरीही त्यांनी ती तारीख वारासकट सांगितली. रजिस्टरात बघितलंसुद्धा नाही.

ॲप लोकांना आवडलं. वाढदिवसाला आपोआप मेसेज जायचे. ज्यांना आयुष्यात कुणी वाढदिवसाला विचारलं नव्हतं असे आबा लोक रविवारी भेटून "सलाम, मेसेज मिळाला" म्हणून सांगायचे. मी जरा फुगले होते.

मग नोव्हेंबरातला तो शनिवार आला. दुसऱ्या दिवशी स्मरणाची उपासना होती. त्या दिवशी मंडळीतल्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात, सगळे उभे राहून डोळे मिटून ऐकतात. पाळकसाहेब यादी फोनवरूनच वाचणार होते, म्हणून ते दुपारी तीनला मला विचारायला आले की ती उघडायची कुठून. उघडता उघडता त्यांचं बोट भलत्या यादीवर पडलं.

"ताई, हे काय? रुसलेले?"

मी मास्तरांचं नाव सांगून मोकळी झाले.

"हे शास्त्राला धरून नाही. प्रभूच्या राज्यात रुसलेला असा प्रकार नाही. हे काढून टाका."

"आणि त्या यादीतली माणसं?"

"माणसांकडे मी सोमवारपासून एकेकाच्या घरी जातो. तुम्ही आधी तो शब्द काढा. उद्या कुणी बघितला तर?"

मला गहू दळायला टाकायचे होते. मी चार ओळींतली तिसरी ओळ पुसली. डोक्यात हिशेब असा की, ज्यांच्या नावापुढे आता अर्थ नसलेला आकडा उरेल त्यांना ॲप 'हजर' समजेल. अनोळखी आकडा आला तर ॲप बंद पडू नये म्हणून मीच तशी सोय करून ठेवली होती. पाळकांनाही तेच हवं होतं, रुसलेले सगळे हजर. मला ते सुंदरही वाटलं, थोडंसं.

तपासून पाहिलं नाही असं नाही. तपासण्यासाठी मी तीन खोटे सभासद करून ठेवले होते, त्यांची नावं आंबा, पेरू आणि चिकू. तिघेही हजर होते. नवं ॲप पाठवून मी गिरणीत गेले.

माझ्या लक्षात जे आलं नाही ते एवढंच. तिसरी ओळ पुसली की चौथी ओळ तिसरी होते. मग दोन हा आकडा प्रभूघरच्यांचा होतो. वर क्लाऊडवर मात्र रुसलेल्यांच्या नावापुढे अजून दोनच लिहिलेले. आणि जे खरोखर गेले होते त्यांच्यापुढे तीन, आणि तीनला आता कुणी ओळखत नाही. अनोळखी आकडा म्हणजे हजर.

रविवारी चर्च भरलेलं होतं. स्मरणाच्या उपासनेला गर्दी होतेच, प्रत्येकाचं कुणीतरी असतं. मी तिसऱ्या बाकावर होते. खांबावरचा फोन सुरू होता. पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं केलं, डोळे मिटायला सांगितलं आणि हातातल्या फोनवरून पहिलं नाव वाचलं.

सुतारमामांचं.

मला धक्का बसला तो मामा गेल्याचा. कधी गेले, कुणी सांगितलं नाही, मातीला जायला हवं होतं, असं सगळं मनात आलं. मी लिहिलेल्या ॲपमध्ये चूक असेल हे मनात आलं नाही. माझा माझ्यावर इतका विश्वास होता की त्यापुढे मामांच्या जिवाची काही किंमत नव्हती.

मग बिर्याणीवाल्या घरातली पाचच्या पाच नावं लागोपाठ आली. नवरा, बायको, आजी, दोन मुलं. सगळ्या चर्चने श्वास आत घेतला. मागून एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, "अपघात झाला का?" दुसरी म्हणाली, "हायवेला झाला असंल." पाळक नवे. त्यांनी या अकरातल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं. ते संथपणे, प्रत्येक नावानंतर थांबून, मनापासून वाचत होते.

पाचव्या नावाला मी डोळे उघडले. सातव्याला पर्समधून फोन काढला आणि ॲप उघडलं. हजर सभासदांची यादी नेहमीपेक्षा खूप लांब होती. ती वर-खाली करताना माझ्या वडिलांचं नाव समोर आलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. नावापुढे हिरवा ठिपका होता, आणि खाली लिहिलेलं, हजर. दोन क्षण मी तिथेच अडकले. चूक काय झाली आहे ते मला तेव्हाच पूर्ण कळलं होतं, कुठल्या ओळीत झाली तेही, पण माझं बोट काही त्या नावावरून हलेना.

तेवढ्यात पाळकांनी अकरावं नाव वाचलं. आत्याचं.

पहिल्या बाकावरून एक आवाज आला. खोकल्यासारखा, पण खोकला नव्हे. मास्तर होते. ते रुमाल तोंडाला लावून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. पाळक पुढची प्रार्थना सुरू करणार, तर मास्तरांनी हात वर केला.

"दोन शब्द बोलू द्या," ते म्हणाले. "ही बाई वाजवायची तेव्हा मला कधी कधी वाटायचं, देव घाईत आहे. पण देव आहे, असं वाटायचं. तो कीबोर्ड आणायचा ठराव मी मांडला होता. मी मांडायला नको होता. मी तिला सांगायला दौंडला जाणार होतो. चार वर्षं जाणारच होतो." आणि ते खाली बसले.

बायका रडायला लागल्या. माझ्या हातातला फोन थरथरला. स्क्रीनवर नाव होतं, आत्या.

मी धावत व्हरांड्यात गेले.

"काय गं," आत्या म्हणाली, "मी मेले कवा?"

"आत्या, तू..."

"मी लाइव्ह बघतीय. समोर चहा हाय, टोस्ट हाय, आन् पाळक माझं नाव वाचतोय. मैत्रीण म्हणती, नाडी बघू का."

"आत्या, माझी चूक झाली. आकडे सरकले."

"ते राहू दे. मास्तर रडतोय तो खराच रडतोय का?"

मी खिडकीतून आत पाहिलं. "खराच."

पलीकडे दौंड स्टेशनची घोषणा ऐकू आली, कुठलीशी गाडी उशिराने येत होती. आत्या ती संपेपर्यंत थांबली.

"खांबावरचा फोन जरा त्याच्याकडं फिरवायला सांग," ती म्हणाली. "इथनं नुसती पाठ दिसती."

मी तसं काही केलं नाही. मला आधी ते मेलेले जिवंत करायचे होते. पर्समध्ये कागद म्हणून फक्त किराण्याची यादी होती. तिच्या मागे मी लिहिलं, 'आत्ता वाचलेले सगळे जिवंत आहेत. चूक माझी. माफ करा.' आणि मधल्या वाटेने चालत जाऊन ती चिठ्ठी पाळकांच्या हातात दिली.

पाळकांची सवय अशी की उपासनेत हातात चिठ्ठी आली की ती प्रार्थनेची विनंती समजून मोठ्याने वाचायची. त्यांनी वाचली.

"आत्ता वाचलेले सगळे जिवंत आहेत."

"आमेन!" सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली. इतका मोठा आमेन मी त्या चर्चमध्ये ऐकलेला नाही.

"चूक माझी. माफ करा."

"आमेन," मंडळी पुन्हा म्हणाली. हा थोडा कमी होता.

पाळकांनी भारावून माझ्याकडे पाहिलं. आता मला बोलणं भाग होतं. मी मंडळीकडे तोंड करून म्हणाले, "तसे जिवंत नव्हे. म्हणजे खरेच जिवंत आहेत. शिरूर तालुक्यात आहेत. एकजण दौंड तालुक्यात."

कुणालाच काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. ओळ पुसली, आकडा सरकला, कोण कुठल्या खान्यात गेला. 'रुसलेले' हा शब्द मी टाळायचा प्रयत्न केला, पण त्याशिवाय गोष्ट पुढे जाईना. तो शब्द ऐकल्यावर मात्र सगळ्यांना सगळं लगेच कळलं. एक आबा मोठ्याने म्हणाले, "म्हंजी नाराज मानसं मेली आन् मेलेली मानसं हजर? व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

तेव्हा जे हसू फुटलं ते आवरेना. पाळक आधी लाल झाले, मग तेही हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. रुमाल तसाच हातात धरून त्यांनी मला विचारलं, "मग मी जे बोललो ते?"

"ते लाइव्ह गेलं, मास्तर."

"दौंडला दिसतं?"

"दिसतं. दिसलं."

मास्तरांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि सरळ खांबावरच्या फोनकडे बघत बसले. शाळेत असताना दंगा करणाऱ्या पोरांकडे बघायचे तसे.

दुपारी घरी येऊन मी सगळं दुरुस्त केलं. स्थिती आकड्यात साठवायची नाही, शब्दातच साठवायची, हे पंधरा वर्षांच्या अनुभवाने मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. एकेका सभासदाचा आकडा काढून तिथे शब्द ठेवत गेले. गेलेल्यांना गेलेल्यांत ठेवलं. वडिलांचं नाव आलं तेव्हा उठून चहा केला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनाही ठेवलं. अकराजणांच्या जागी काय लिहायचं ते कळेना, म्हणून ती जागा रिकामी सोडली.

त्या आठवड्यात माझा फोन वाजत राहिला. सुतारमामा म्हणाले, "मी मेलो ते ठीक हाय, पन साड्यांचा विषय निघाला का कुनाचा?" मी म्हणाले, निघाला नाही. "मग येतो," ते म्हणाले, आणि पुढच्या रविवारी पॉलिशपेपर घेऊन आले. बिर्याणीवालं घरही आलं. पाचहीजण पुढच्या बाकावर ओळीने बसले आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते, आपण दिसतोय ना म्हणून. उपासनेनंतर कमिटीने त्यांना चहाबरोबर पहिली बशी दिली. बाकीच्या चारांतले दोघे आले. दोघे आले नाहीत. एकाने तर मला सांगितलं की मेलेलंच राहू द्या, वर्गणीला कुणी येत नाही.

आत्या मंगळवारी आली, दोन एसट्या बदलून. चप्पल काढता काढता म्हणाली, "दाखव मला. माझं काय लिहिलंय ते."

मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं. तिने चष्मा लावून एकेक रकाना केसपेपर वाचावा तसा वाचला. जन्मतारीख शाळेतली होती, ती चुकीची निघाली. खरी कुठली ते तिलाही माहीत नव्हतं. मग तिचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"कुटुंबप्रमुख. इथं माझ्या भावाचं नाव का?"

"तो रकाना रिकामा ठेवता येत नाही, आत्या. तू एकटी, म्हणून मास्तरांनी पप्पांचं नाव सांगितलं."

"तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. त्याची लंगोटं धुतलीत मी. शिवाय तो वारला."

"हो."

"चांगला होता," ती म्हणाली. "पन प्रमुख न्हाई. प्रमुख मी हाय."

मी तिथे तिचं नाव घातलं. आपल्या घराची प्रमुख आपणच, हे साच्यात बसवायला एक नियम बदलावा लागला. तो मी तिच्यासमोर बदलला.

"आन् हे रिकामं काय?"

"स्थिती. तिथे आधी रुसलेले होतं."

"मी रुसले नव्हते. मी चिडले होते. रुसणाऱ्याला वाटतं कुणीतरी समजूत काढायला यावं. चिडणाऱ्याला वाटतं कुणी येऊ नये."

"मग जूनपासून दर रविवारी लाइव्ह का बघत होतीस?"

"सूर कुठं चुकतोय ते बघाया," ती म्हणाली. "लिही काय लिहायचं ते. हजर लिहू नको. मी इथं न्हाई. दौंड लिही."

जेवण झाल्यावर तिने पायपेटी बघायची म्हटलं. ती चर्चमागच्या खोलीत, जुन्या सतरंज्या आणि नाताळच्या चांदण्यांच्या ढिगात पडली होती. किल्ली मास्तरांकडे. मी फोन केला तर मास्तर पाच मिनिटांत आले. घर वीस मिनिटांवर आहे. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता.

दोघं चार वर्षांनी समोरासमोर उभे राहिले. मी मध्ये किल्लीसारखी.

"मास्तर," आत्या म्हणाली, "तुम्ही रडताना लई वाईट दिसता."

"सिस्टर," मास्तर म्हणाले, "तुम्ही मेल्यावर फार चांगल्या वाटलात."

मग दोघं आत गेले. पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला होता, सुरांच्या पट्ट्या गंजल्या होत्या. आत्याने एकदा पाय मारून बघितला. आतून धूळ आली, आवाज आला नाही. तिने दवाखान्यात कितीतरी वेळा पाहिलं असेल तसं थोडा वेळ पाहिलं आणि झाकण लावलं. मास्तर म्हणाले, पुण्यात दुरुस्त करणारा एकजण आहे. आत्या म्हणाली, उगाच कशाला, वय झालं तिचं. त्यावरून दोघांचं वाजलं. मग चाली किती जलद असाव्यात यावरून वाजलं. मी बाहेर पायरीवर बसून कंपनीची मीटिंग केली, तरी आतलं वाजायचं थांबलं नव्हतं.

शिरूरला आत्या परत राहायला आली नाही. दौंडच्या संध्याकाळच्या उपासनेला मात्र जायला लागली. तिथे साधी हातपेटी आहे आणि ती वाजवणारं कुणी नव्हतं. पाळकसाहेबांनी मला सांगितलं की दौंडची उपासना आता दहा मिनिटं लवकर संपते. गाणी तीच असतात.

आणखी महिन्याभराने पाळकसाहेबांच्या मोटरसायकलवर मागे मास्तर दिसायला लागले. सेक्रेटरी म्हणून दौंडचंही रजिस्टर बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी रात्रीचं जेवण आटोपतंय तोच आत्याचा फोन आला.

"तो मास्तर दर आठवड्याला इथं कशाला येतो गं?"

"रजिस्टर तपासायला म्हणतात."

"रजिस्टर तर समदं तुझ्या मोबाईलवर गेलं ना?"

"गेलं."

मागून मालगाडी जात होती, तिचे डबे संपेनात.

"त्याला सांग," शेवटी आत्या म्हणाली, "मागं बसतो तर हेल्मेट घालत जा म्हणावं. चौफुल्याला उसाच्या ट्रॉल्या किती असत्यात या दिवसांत."